विभागप्रमुखपद आत्ता स्वीकारावे का?

अमेरिकेत विद्युत अभियांत्रिकी शिकवणाऱ्या एका वाचक भगिनीचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. त्यातील आवश्यक तेवढा मजकूर असा :

«मी मूळची सांगली जिल्ह्यातील. पदवी महाराष्ट्रात घेतली, पीएच.डी. अमेरिकेत. आता वय ४१. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात टेन्युअर (कायम नेमणूक) मिळालेली असोसिएट प्रोफेसर आहे. विषय पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, हाताखाली पाच पीएच.डी. विद्यार्थी. आमचे विभागप्रमुख पद सोडत आहेत आणि पुढची पाच वर्षे ते मी सांभाळावे, असे डीनने (विद्याशाखेच्या प्रमुखांनी) सुचवले आहे. दोन महिन्यांत उत्तर द्यायचे आहे. बाबांनी बातमी ऐकताच गल्लीत पेढे वाटले. माझे ग्रीन कार्ड मात्र अजून झालेले नाही. प्रायॉरिटी डेट (रांगेतील क्रम ठरवणारी तारीख) २०१५ ची, रांग ईबी-२ ची (उच्चशिक्षितांच्या नोकरी-आधारित वर्गाची), आणि दर वेळी एच-१बी हा तात्पुरता कामाचा व्हिसा वाढवून घ्यावा लागतो. विभागातील काही जणांना माझे उच्चार खटकतात, हेही मला ठाऊक आहे. नकार दिला तर पुन्हा कोणी विचारणार नाही आणि होकार दिला तर संशोधन संपेल, अशी भीती वाटते. काय करावे?»

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दोन महिन्यांच्या मुदतीत अडकलेल्या आहात, म्हणून माझे मत आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो. हे पद आत्ता घेऊ नका. आधी असोसिएटच्या वरची पायरी चढून फुल प्रोफेसर व्हा, ग्रीन कार्डाचा प्रश्न मार्गी लावा, आणि त्या दोन-तीन वर्षांत विभागातील एखाद्या सामायिक प्रयोगशाळेची किंवा पदव्युत्तर अभ्यासक्रमाची जबाबदारी डीनकडे स्वतःहून मागून घ्या. मी स्वतः अशाच एका विभागात तीस वर्षे शिकवले आणि दोन मुदती विभागप्रमुख होतो. ते काम मला मनापासून आवडले, म्हणूनच ते तुमच्या वाट्याला योग्य वेळी यावे असे वाटते.

सुरुवात पेढ्यांपासून करतो, कारण तुमच्या मनावरचे अर्धे ओझे तिथून आलेले दिसते. मी १९८७ साली अमेरिकेत आलो, तेव्हा पहिल्याच महिन्यात लॅबमध्ये एका संवेदकाचा ॲम्प्लिफायर जोडत होतो आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक लाट सारखी डोलत होती. घरच्या विजेच्या तारांतून मापनात शिरणारी ही गुणगुण, आणि पुण्याहून आणलेल्या वहीत तिच्यावरचा उपाय लिहिलेला होता. ५० हर्ट्झ अडवणारा नॉच फिल्टर मी त्या वहीतून जसाच्या तसा बांधला, प्रत्येक कपॅसिटर दोनदा मोजून लावला, तरी लाट हलली नाही. माझे गाइड शेजारी येऊन उभे राहिले, त्यांनी पडद्यावरचे चौकोन मोजले आणि दोन शिखरांमधील अंतर मला वाचायला सांगितले. ५० हर्ट्झच्या लाटेचे असायला हवे तसे ते वीस मिलिसेकंद भरत नव्हते, सतराच्या आत होते. इथली वीज ६० हर्ट्झची. माझ्या वहीतले गणित अचूक होते, परंतु ते दुसऱ्या देशातल्या विजेसाठी मांडलेले होते.

‘विभागप्रमुख’ या शब्दाचेही तसेच आहे. आपल्याकडे एचओडी म्हणजे बहुधा सेवाज्येष्ठतेने आलेला, प्राचार्यांच्या खालोखाल मान असलेला माणूस. ते पद मिळणे ही बढती असते आणि त्यातून खाली येणे हा कमीपणा समजला जातो. अमेरिकेत मात्र चेअर, म्हणजे तिथला विभागप्रमुख, हा प्राध्यापकांपैकीच एक असतो, तीन ते पाच वर्षांची मुदत डीनच्या मर्जीने सांभाळतो आणि मुदत संपली की मुकाट्याने आपल्या वर्गात परततो. नऊ महिन्यांचा पगार अकरा किंवा बारा महिन्यांचा होतो, शिकवण्याचे तास कमी होतात, आणि त्या बदल्यात वेळापत्रक, सहकाऱ्यांचे वार्षिक मूल्यमापन, नव्या नेमणुका, खोल्यांवरून होणारे वाद आणि अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ॲबेट या संस्थेच्या मूल्यांकनाची कागदपत्रे ही सारी कामे अंगावर येतात. हे काम करायलाच हवे आणि चांगल्या माणसांनीच ते करावे. पण ती सेवेची पाळी आहे, आणि पाळी पुढे ढकलता येते. आज नकार दिल्याने दार कायमचे बंद होईल ही तुमची भीती बाबांच्या वहीतून आलेली आहे. माझ्या पाहण्यात तरी ज्यांना एकदा विचारणा झाली, त्यांना पुन्हा झाली आहे, कारण हे काम नीट करू शकणारी माणसे कोणत्याही विभागात दोन-चारच असतात.

आता या वाटेने आधी गेलेल्यांकडे पाहू. तुम्ही पॉवरमध्ये काम करता, तरी स्टॅनफर्डचे प्राध्यापक टॉमस कैलाथ हे नाव तुमच्या कानावरून गेले असेलच. त्यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला. घरची भाषा मल्याळम, शाळा सेंट व्हिन्सेंट, आणि दूरसंचार शाखेतील पदवी १९५६ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून. १९५७ साली ते एमआयटीला गेले. त्या काळी, १९४६ च्या कायद्यानुसार, भारतीयांना अमेरिकेत स्थायिक होण्यासाठी वर्षाला अवघ्या १०० जागा होत्या, आणि राष्ट्रवार कोट्याची ती पद्धत १९६५ च्या कायद्याने मोडीत काढेपर्यंत हेच चित्र होते. तुमची २०१५ पासूनची प्रतीक्षा मी यामुळे हलकी मानतो असे नाही. परदेशी प्राध्यापकाची कारकीर्द अशा रांगांच्या सावलीतच घडत आली आहे, एवढेच सांगायचे आहे. १९६१ साली कैलाथ यांना डॉक्टरेट मिळाली आणि एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीत ती मिळवणारे ते पहिले भारतीय विद्यार्थी ठरले. १९६३ साली ते स्टॅनफर्डला असोसिएट प्रोफेसर म्हणून रुजू झाले आणि १९६८ साली फुल प्रोफेसर झाले.

पुढचा क्रम नीट पाहा. १९७१ साली, म्हणजे फुल प्रोफेसर झाल्यावर तीन वर्षांनी, त्यांनी स्टॅनफर्डच्या इन्फर्मेशन सिस्टम्स लॅबोरेटरीचे संचालकपद घेतले आणि १९८० पर्यंत ती प्रयोगशाळा वाढवली. त्यानंतर १९८१ ते १९८७ ते विभागाचे असोसिएट चेअर, म्हणजे उपप्रमुख, होते. डीन किंवा विद्यापीठाचे अध्यक्ष ते झाले नाहीत. तरीही अमेरिकेच्या विद्युत अभियांत्रिकीत नेतृत्व म्हटले की त्यांचे नाव घेतले जाते, ते त्यांनी घडवलेल्या माणसांमुळे. ऐंशीच्या आसपास विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे पीएच.डी. केली. साधारण दर दशकाला ते विषय बदलत गेले : आधी माहिती सिद्धांत आणि दळणवळण, मग रेषीय प्रणाली आणि नियंत्रण, मग सिग्नल प्रोसेसिंग आणि त्यासाठी लागणाऱ्या चिप्स, आणि नव्वदच्या दशकात अर्धवाहकांचे उत्पादन. एकट्याच्या बळावर असे विषयांतर साधत नाही. नव्या विषयात शिरायचे तर सोबत नवे विद्यार्थी, पाहुणे संशोधक आणि पोस्ट-डॉक (पीएच.डी. झालेले तरुण संशोधक) लागतात, आणि ते आपल्यापाशी टिकतील अशी लॅब लागते. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळाले, त्या मानपत्रात संशोधनाबरोबर तरुण अभ्यासकांना सातत्याने घडवल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. या क्षेत्रातील अभियंत्यांची जागतिक संघटना असलेल्या आयईईईचे सर्वोच्च पदक त्यांना २००७ साली आणि भारताचा पद्मभूषण २००९ साली मिळाला होता.

त्यांच्याच गटात १९९१ साली आलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांचे उदाहरण मला तुमच्यासाठी विशेष मोलाचे वाटते. ते भारतीय नौदलातील अधिकारी, पाणबुड्यांचा वेध घेणाऱ्या सोनारच्या कामात नावाजलेले आणि बंगळुरूला प्रयोगशाळा उभारून झालेले. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी सारे अधिकारपद मागे ठेवून ते स्टॅनफर्डला संशोधक म्हणून नव्याने सुरुवात करायला आले. प्रेषक आणि ग्राहक अशा दोन्ही टोकांना अनेक अँटेना ठेवून एकाच वारंवारितेवर एकाच वेळी वेगवेगळे संदेश पाठवता येतील, ही कल्पना त्यांना तिथे सुचली. कैलाथ यांच्यासोबत त्यांनी १९९२ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९४ साली पेटंट मिळाले. आज वायफाय आणि ४जी-५जी ज्यावर चालतात ते मायमो तंत्र याच कल्पनेतून वाढले. दुसऱ्या देशातून आलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या माणसाला ज्या लॅबमध्ये असे काम करायला मोकळी जागा मिळते, ती लॅब चालवणे हे माझ्या दृष्टीने कोणत्याही प्रमुखपदाच्या तोडीचे काम आहे.

तुम्हाला प्रशासनाची ओढ खरोखर असेल, आणि तुमच्या पत्रातील काही ओळींवरून ती आहे असे मला वाटते, तर दुसरी वाटही पाहा. प्रदीप खोसला यांचा जन्म १९५७ चा, मुंबईतला. १९८० साली खरगपूर आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी आणि १९८६ साली कार्नेगी मेलनमधून पीएच.डी. घेऊन ते तिथेच असिस्टंट प्रोफेसर झाले, १९९० साली असोसिएट आणि १९९४ साली फुल प्रोफेसर. त्यानंतर दोन वर्षे ते डार्पा या संरक्षण संशोधन संस्थेत कार्यक्रम व्यवस्थापक होते, मग विद्यापीठातील एका आंतरशाखीय संस्थेचे संचालक झाले, आणि १९९९ साली विभागप्रमुख. २००४ साली ते डीन झाले आणि २०१२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो परिसराचे चॅन्सलर, म्हणजे तिथले प्रमुख. एमआयटीचे अनंत चंद्रकासन हे चेन्नईत जन्मलेले. त्यांनीही आधी, २००६ पासून पाच वर्षे, मायक्रोसिस्टिम्सची प्रयोगशाळा सांभाळली, २०११ साली विभागप्रमुखपद घेतले, २०१७ साली डीनपद आणि २०२५ साली प्रोव्होस्टपद, म्हणजे विद्यापीठाच्या शैक्षणिक कारभाराचे प्रमुखपद. आणि डीन असतानाही कमी ऊर्जेवर चालणाऱ्या चिप्सवरचा आपला गट चालू ठेवला.

यांपैकी कोणीही असोसिएट प्रोफेसर असताना विभाग अंगावर घेतला नाही. आधी फुल प्रोफेसरपद, मग एखादी प्रयोगशाळा किंवा केंद्र, आणि त्यानंतर विभाग अथवा विद्याशाखा, असाच क्रम तुम्हाला दिसेल. याचे कारण व्यवहाराचे आहे. चेअर म्हणून तुम्हाला फुल प्रोफेसरांचे वार्षिक मूल्यमापन लिहावे लागेल, त्यांच्या पगारवाढीची शिफारस करावी लागेल, एखाद्याची लॅबची जागा काढून नव्या माणसाला द्यावी लागेल. आणि दोन वर्षांनी तुमच्या बढतीचे प्रकरण मतदानाला येईल तेव्हा हेच लोक टेबलाभोवती बसलेले असतील. माझ्या ओळखीच्या एका गुणी प्राध्यापिकेची बढती नेमकी अशीच सहा वर्षे लांबली. त्यांच्या कामात काही उणे नव्हते. ग्रँट संपल्यावर नवे प्रपोजल लिहायला त्यांना चार सलग दिवस कधी मिळाले नाहीत आणि लेखांची संख्या हळूहळू आटली. तुमच्या पाच विद्यार्थ्यांपैकी किती जण पुढच्या दोन वर्षांत प्रबंध सादर करणार आहेत, हे आज रात्री कागदावर मांडा. दोघे-तिघे अजून पहिल्या-दुसऱ्या वर्षात असतील, तर त्यांना गाइडची सर्वांत जास्त गरज याच काळात आहे.

ग्रीन कार्डाविषयी मात्र मला तळमळीने सांगावेसे वाटते, कारण तुमच्या पत्रात मार्ग दिसतो आहे आणि तो तुम्ही घेतलेला दिसत नाही. ईबी-२ मध्ये मंजूर झालेल्या अर्जाची प्रायॉरिटी डेट ही तुमची मिळकत आहे. त्याच विद्यापीठाने तुमच्यासाठी ईबी-१ या वरच्या प्राधान्याच्या गटातील ‘नामवंत प्राध्यापक व संशोधक’ या वर्गात नवा अर्ज केला आणि तो मंजूर झाला, तर सर्वसाधारणपणे २०१५ ची जुनी तारीख त्या नव्या अर्जाला लावता येते. आणि भारतीयांसाठी ईबी-१ ची रांग ईबी-२ पेक्षा कितीतरी वर्षे पुढे असते. या वर्गासाठी शिकवण्याचा किंवा संशोधनाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, कायमस्वरूपी किंवा टेन्युअरच्या वाटेवरील नोकरी आणि ठरवून दिलेल्या सहा निकषांपैकी किमान दोन पूर्ण होणे आवश्यक असते. इतरांच्या संशोधनाचे परीक्षण, मूळ संशोधनाचे योगदान, आंतरराष्ट्रीय नियतकालिकांतील लेखन हे त्यांपैकी काही निकष. तुमच्यासारख्या टेन्युअर मिळालेल्या प्राध्यापिकेला दोन निकष जड जाऊ नयेत. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची याच आठवड्यात वेळ घ्या, आणि शक्य असल्यास स्वतःच्या खर्चाने एका स्वतंत्र वकिलाचेही मत घ्या, कारण विद्यापीठाचा वकील शेवटी विद्यापीठाचा असतो.

विभागप्रमुखपदाचा याच्याशी थेट संबंध आहे. एच-१बी आणि ग्रीन कार्ड हे दोन्ही अर्ज ठरावीक नोकरीच्या वर्णनावर उभे असतात. कामाचे स्वरूप मोठ्या प्रमाणात प्रशासकीय झाले, तर सुधारित अर्ज लागतो का, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर सही करण्यापूर्वी लेखी मिळायला हवे. पुढे कधी हे पद घ्याल तेव्हा मूळ नेमणूक प्राध्यापकाचीच राहील आणि चेअरचे काम ही मुदतीची अतिरिक्त जबाबदारी असेल, असे नेमणूकपत्रात लिहून घ्या. आणखी एक गोष्ट अशी, की विभागप्रमुखाला नेमणुका कराव्या लागतात. सप्टेंबर २०२५ मध्ये निघालेल्या आदेशाने परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. विद्युत अभियांत्रिकीत उमेदवारांचा मोठा वाटा परदेशी असताना अशा काळात नेमणुका करणे किती जिकिरीचे आहे, हे मी वेगळे सांगायला नको. स्वतःचा व्हिसा टांगणीला असताना दुसऱ्यांच्या व्हिसासाठी डीनशी भांडायला फार मोठे धैर्य लागते. ते तुमच्यात आहे, पण ते आधी स्वतःसाठी खर्च करा.

उच्चारांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, तरी ती मला सर्वांत जास्त टोचली. माझ्या पहिल्या सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांचे अभिप्राय आले तेव्हा त्यातील बऱ्याच कागदांवर माझे बोलणे कळत नाही असे लिहिले होते, आणि एकाने उदाहरणही दिले होते. आपल्या मराठी जिभेला एकच ‘व’ आहे, त्यामुळे माझे ‘व्होल्टेज’ आणि ‘वॅटेज’ त्याला सारखेच ऐकू येत होते. पॉवरच्या वर्गात ही लहान बाब नव्हे. पुढच्या सत्रापासून मी प्रत्येक राशी उच्चारण्याआधी फळ्यावर तिचे चिन्ह आणि एकक लिहू लागलो, मग बोट ठेवून बोलू लागलो. वर्षभरात तक्रारी जवळजवळ थांबल्या, आणि गंमत अशी की अमेरिकेत वाढलेले विद्यार्थीदेखील एकके लिहायला विसरेनासे झाले. ज्यांना समजून घ्यायचे असते त्यांच्यासाठी असा प्रयत्न आपण जरूर करावा. परंतु ज्यांना तुमचे उच्चार केवळ खटकतात, त्यांच्यासाठी स्वतःला बदलू नका आणि त्यांच्यापुढे स्वतःला सिद्ध करण्यासाठी खुर्चीही घेऊ नका. त्या कारणाने घेतलेल्या खुर्चीवर पाच वर्षे रोज तीच परीक्षा द्यावी लागते.

डीनना उत्तर कसे द्यावे, हे विचारले नाही तरी सांगतो. ईमेल पाठवू नका, प्रत्यक्ष भेटा. विश्वास दाखवल्याबद्दल आभार माना आणि स्पष्ट सांगा, की दोन वर्षांत फुल प्रोफेसरपदासाठी प्रकरण सादर करायचे आहे, त्यानंतर या कामासाठी तुमचा विचार झाला तर तुम्हाला आवडेल. मग त्यांच्यापुढे एक ठोस काम ठेवा. तुमच्या विभागात उच्च व्होल्टेजची किंवा कन्व्हर्टर तपासणीची उपकरणे वेगवेगळ्या लॅबमध्ये विखुरलेली असतील, तर ती एका सामायिक प्रयोगशाळेत आणण्याची जबाबदारी मागा. तंत्रज्ञाचा अर्धा पगार, दोन खोल्या आणि एका सत्रात एक विषय कमी शिकवण्याची सवलत एवढे मागून घ्या. हे मिळाले नाही, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमाची असोसिएट चेअर होण्याची तयारी दाखवा. दोन्हींतून तुम्हाला अंदाजपत्रक, माणसे आणि वाद सांभाळण्याचा अनुभव येईल आणि लॅबचे दारही उघडे राहील.

एक अपवाद नमूद करतो. तुमच्या नकारानंतर जी व्यक्ती या पदावर येईल तिच्यामुळे विभागातील तरुण प्राध्यापकांचे किंवा परदेशी विद्यार्थ्यांचे खरोखर नुकसान होणार आहे, अशी तुमची खात्री असेल, तर हिशोब बदलतो. मग पद घ्या. मात्र पाचऐवजी तीन वर्षांची मुदत, लॅबसाठी एका पोस्ट-डॉकचा पगार आणि मुदत संपल्यावर एक पूर्ण वर्ष संशोधन रजा, हे तीनही करारात लिहून घ्या. आणि आठवड्यातली एक दुपार विद्यार्थ्यांची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. मी मंगळवारची ठेवली होती. दोन ते पाच ग्रुप मीटिंग. कार्यालयातील बाईंना मी सांगून ठेवले होते, की डीनचा फोन आला तरी पाचनंतर करतो म्हणून सांगा. दोन मुदतींत माझ्या सात विद्यार्थ्यांचे प्रबंध पूर्ण झाले, ते त्या मंगळवारांमुळे.

राहिले बाबा. नकार दिला असे त्यांना सांगितलेत तर त्यांना वाईट वाटेल, आणि गल्लीत पेढे वाटून झाल्यावर ते स्वाभाविक आहे. त्यांना फोनवर सविस्तर सांगा, की इथे आधी फुल प्रोफेसर व्हावे लागते, त्याचा अर्ज तुम्ही करत आहात, आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून गेलेल्या कैलाथ यांनीही आधी तेच पद मिळवले आणि मग प्रयोगशाळा हाती घेतली. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तुमच्या पाचही विद्यार्थ्यांचा लॅबमधला एक फोटो छापून न्या आणि कोण काय करतो ते एकेकाच्या नावानिशी त्यांना समजावून सांगा.